सुपरहिरो उडतो, मग पुढं काय?

मैत्रिणींनो, गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत एक सुपरहिरो पडला. वय वर्षं आठ. अंगात मोठ्या भावाचा लाल टी-शर्ट आणि गळ्याला गाठ मारून पाठीवर सोडलेला सोलापुरी टॉवेल. शेजारी बांधकाम चालू होतं, त्याच्या वाळूचा ढीग पडला होता. जिन्यावरच्या स्लॅबवरून त्यानं त्या ढिगावर झेप घेतली. वाळूचा ढीग वरून दिसतो तेवढा मोठा नसतो, हे आपल्याला कळतं, त्याला कळलं नाही. डावा हात मनगटापाशी मोडला.

त्याची आई घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. आपल्या सोलापुरात अशी कितीतरी घरं आहेत, पुढच्या खोलीत मशीन आणि मागच्या खोलीत संसार. शाळा उघडायच्या आधीचे दीड-दोन महिने हाच त्यांचा हंगाम. नगावर पैसे. त्या दिवशी तिनं अर्धी कॉलर तशीच सुईखाली सोडली आणि चप्पलही न घालता पळाली. एक्स-रे, प्लॅस्टर, औषधं आणि चार दिवस बंद पडलेलं मशीन. तिच्याकडचे दोन गठ्ठे ठेकेदारानं उचलून दुसरीला दिले. पाचव्या दिवशी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "पैशाचं जाऊ द्या काकू, पैसे काय, पुन्हा मिळतील. पण हे पिक्चरवाले पोरांना नेमकं दाखवतात तरी काय, ते मला एकदा सांगा."

आता मी काही सिनेमाची जाणकार नाही. पण तिचा प्रश्न डोक्यात बसला. तिचं मशीन पुन्हा सुरू व्हावं म्हणून दुपारच्या वेळी पोराला मी आमच्याकडे ठेवून घेतलं. हात गळ्यात असलेलं पोर दुसरं करणार काय? टीव्ही. कॉलेजातला माझा भाचा सुट्टीला आला होता, त्याच्या मोबाईलवर हवे ते सिनेमे निघत. त्या दोन-तीन आठवड्यांत मी जेवढे सुपरहिरो पाहिले तेवढे जन्मात पाहिले नव्हते. आणि पहिल्याच दिवशी पोराला विचारलं, "उडी का मारलास रे?"

"मी वाचवायला मारलो."

"कुणाला?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "ते ठरवलो नव्हतो."

मला हसू आलं, पण नंतर वाटलं, यातल्या बऱ्याच सिनेमांचं दुखणं त्यानं तीन शब्दांत सांगितलं. कुणाला वाचवायचं ते ठरलेलं नाही, का वाचवायचं ते ठाऊक नाही, आणि खाली आपटल्यावर काय होईल याचा पत्ता नाही. उडी तेवढी जोरात.

हा प्रश्न आजचा नाही. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं ते तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. दुपारी रस्ते ओस पडायचे आणि मालिका संपली की गल्लीगल्लीतून पोरं हात वर करून स्वतःभोवती गरागरा फिरायची. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या त्या काळात छापून आल्या. त्यातल्या किती खऱ्या यावर पुढं बराच वाद झाला. पण नायकाचं काम करणारे मुकेश खन्ना यांना पडद्यावर येऊन मुलांना हे सांगावं लागलं, की मी करतो ते तुम्ही करू नका. 'छोटी छोटी मगर मोटी बातें' हा भाग शेवटी असायचा, त्यात दात घासण्यापासून खरं बोलण्यापर्यंत सगळं येई. म्हणजे पराक्रम वीस मिनिटं आणि शहाणपण शेवटच्या दोन मिनिटांत! आपण तेव्हाही चॅनेल तिथंच बदलायचो.

भाच्याशी माझं यावरून वाजलं. तो म्हणाला, "मामी, पिक्चर आहे. डोकं बाजूला ठेवायचं आणि बघायचं. उडणाऱ्या माणसाच्या गोष्टीत कसलं खरं-खोटं शोधता?"

मला हे पटत नाही. माणूस उडतो याला माझी हरकत नाहीच. आपण मारुतीच्या उड्डाणाच्या गोष्टी सांगत मुलं मोठी केली. पण शेपटीला आग लागली तर लंका जळते, आणि जळाली की तिची राख होते. दशरथानं अंधारात आवाजाच्या रोखानं बाण सोडला, तो श्रावणबाळाला लागला. राजा होता, मोठा धनुर्धर होता, चूक नकळत झाली होती. पण म्हणून त्या आंधळ्या आईबापांचं दुःख कुणी पुसून टाकलं नाही. ते शेवटी दशरथाच्या दारात आलंच, पुत्रशोकानंच तो गेला. कैकेयीचंच पाहा ना. तिला आपण वाईट म्हणतो, पण ती का वागली ते खेड्यातल्या अडाणी आजीलाही कळतं. मुलाच्या राज्याची हाव, मंथरेनं कानात ओतलेलं विष आणि 'उद्या माझं या घरात काय राहील' ही धास्ती. श्रावणातल्या कहाण्या घ्या. वसा टाकला की त्याचं काय होतं हे सांगितल्याशिवाय एकही कहाणी पुरी होत नाही. चमत्कार पाहिजे तेवढे, पण केल्याचं फळ चुकत नाही. मग अमेरिकेतल्या किंवा मुंबईतल्या सिनेमावाल्याला आपण ही सूट का द्यायची?

पण सगळ्यांना एका माळेत ओवू नये, हेही मला त्या दुपारी कळलं. त्यातल्या एका सिनेमानं तर मला रडवलं.

'स्पायडरमॅन'चा २००२ चा पहिला भाग तुमच्या मुलांनी पाहिला असेलच. त्यात या पीटरला कोळ्याची शक्ती मिळते तेव्हा तो पहिल्यांदा कुणाला वाचवायला जात नाही. कुस्तीच्या फडात पैसे मिळवायला जातो. तिथला मालक त्याला कबूल केलेले पैसे देत नाही. तेवढ्यात एक चोर त्याच मालकाला लुटून पळतो, आणि पीटर रागानं, 'माझं काय जातं' म्हणून त्याला वाट करून देतो. तोच चोर पुढं पीटरच्या बेन काकांना गोळी घालतो. किती साधी, आपल्या घरात घडावी अशी चूक! रागाच्या भरात बाजूला सरकणं, बस्स. पण खरी गोष्ट २००४ च्या दुसऱ्या भागात आहे. काका गेल्यावर म्हाताऱ्या मे काकूंना घराचे हप्ते झेपत नाहीत. त्या पीटरला घेऊन बँकेत जातात. पर्स मांडीवर धरून, नीटनेटक्या पोशाखात, कर्ज मागायला आलेली बाई कशी बसते तशा बसतात. कर्ज मिळत नाही. घर सोडावं लागतं. इकडे जगाला वाचवणारा पुतण्या पिझ्झा पोचवायला उशीर झाला म्हणून नोकरी घालवून बसलेला, खोलीचं भाडं थकलेलं.

आणि मग तो प्रसंग येतो. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पीटर काकूंना सांगून टाकतो की त्या चोराला मी जाऊ दिलं होतं. काकूंचा हात त्याच्या हातात असतो. त्या ओरडत नाहीत, शिव्या देत नाहीत. हळूच हात काढून घेतात आणि जिना चढून वर निघून जातात. एवढंच. मैत्रिणींनो, इमारती पडताना माझ्या डोळ्याची पापणी हलली नव्हती, पण तो हात काढून घेतला तेव्हा मला हुंदका आला. शेजारचं पोर माझ्याकडे बघत राहिलं. त्याला म्हटलं, "मिरचीची फोडणी लागली रे." गॅस तर बंद होता.

त्यातला खलनायकही उगाच दात-ओठ खाणारा नाही. हा डॉक्टर ऑक्टोपस मूळचा चांगला शास्त्रज्ञ. प्रयोग थांबवा म्हणत असताना तो थांबत नाही आणि त्यात डोळ्यांदेखत त्याची बायको जाते. तरी पुन्हा तोच प्रयोग उभारायला निघतो, कारण थांबला तर बायको फुकट गेली हे कबूल करावं लागेल. असे पुरुष मी पाहिलेत. धंद्यात एकदा बुडाले की बुडवलेलं खरं ठरवायला घरातलं उरलंसुरलं सोनंही लावतात.

याच्या उलट तो थॅनोस. २०१८ चा 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'. भाचा सांगत होता, याचा हेतू फार खोल आहे, जगात खाणारी तोंडं जास्त आणि अन्न कमी, म्हणून अर्ध्या सृष्टीची धूळ करायची. मी म्हटलं, याला खोल म्हणतात होय? अरे, पाच माणसांची आमटी केली आणि दोन पाहुणे आले, तर आपण आमटीत पाणी वाढवतो, पाहुणे मारत नाही! एवढी चुटकीसरशी सृष्टी बदलायची ताकद असलेल्या माणसाला धान्य दुप्पट करता येऊ नये? ज्यानं कधी घर चालवलं नाही त्यानं लिहिलेला खलनायक वाटला मला तो. बरं, धूळ झालेले बहुतेक सगळे २०१९ च्या पुढच्या भागात परत येतात. आधी थिएटरात रडलेल्या पोरांनी मग टाळ्या वाजवायच्या. अर्थात आपण हसायला नको. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहिर मेला तेव्हा आपणही डोळे पुसले होते आणि तो परत आला तेव्हाही.

त्याच मालिकेतल्या २०१६ च्या 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर'मध्ये मात्र एक बाई येते. फार तर दोन-तीन मिनिटं असेल. लोखंडी चिलखतवाला टोनी स्टार्क भाषण देऊन टाळ्या घेऊन बाहेर पडतो आणि लिफ्टपाशी ही बाई उभी असते. तिचा मुलगा नुकताच शिकून बाहेर पडलेला, नोकरी लागण्याआधी गरिबांसाठी घरं बांधायला परदेशी गेलेला. तिथं या वीरांची लढाई झाली आणि तो इमारतीखाली गेला. ती मुलाचा फोटो त्याच्या छातीशी टेकवते आणि सरळ सांगते, माझं पोर तुमच्यामुळं गेलं. त्याच्याकडे उत्तर नसतं. त्याच गावात बाप, बायको आणि मुलगा गमावलेला एक माणूस या सिनेमाचा खलनायक आहे. त्याच्याकडे कसलीही शक्ती नाही. फक्त दुःख आहे आणि धीर आहे. त्या दुःखाच्या बळावर तो या सगळ्या वीरांना एकमेकांत लढायला लावतो.

ही दोन-तीन मिनिटं पाहिली आणि मग मागचे सगळे सिनेमे आठवून मी बेचैन झाले. तेवढ्या इमारती पडल्या, त्या प्रत्येकीखाली कुणी ना कुणी असणारच की. ते दाखवलं नाही एवढंच.

आपल्याकडे काय आहे? १९८७ चा 'मिस्टर इंडिया' मला आजही आवडतो. अदृश्य व्हायची युक्ती मिळालेला हा अरुण किराणावाल्याची उधारी थकलेला, पोरं सांभाळणारा माणूस आहे. का लढतो हे विचारावं लागत नाही, घरात दहा तोंडं आहेत. आणि त्यातली लहानगी टीना बॉम्बस्फोटात जाते. ती परत येत नाही. हसत-गात चाललेला सिनेमा तिथं गप्प होतो, आणि आपल्या वेळच्या कुठल्याच मुलाला ती टीना विसरता आलेली नाही. मोगॅम्बोचं काय विचारू नका! त्याला देश कशाला पाहिजे हे त्यालाही सांगता आलं नसतं. खुश व्हायला, दुसरं काय. अमरीश पुरींच्या आवाजावर ते निभावून गेलं.

'क्रिश'मध्ये मला हृतिकपेक्षा रेखा लक्षात राहिली. २००६ चा हा सिनेमा. मुलगा त्याच्या शक्तीपायी गमावलेली आई, नातवाची शक्ती जगापासून लपवत डोंगरात येऊन राहते. त्याला जाऊ देत नाही. तरुण पोरांना ती आजी आडवी येणारी वाटते. मला ती एकटीच शहाणी वाटली. पोराच्या अंगातला गुण लोकांच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून दृष्ट काढणाऱ्या आपल्या आया, आज्या काही वेगळं करत होत्या का? पुढं ते गाणी-मारामाऱ्यांत वाहून गेलं, ते सोडा.

या सगळ्यांत उजवा निघाला तो मल्याळममधला 'मिन्नल मुरली', २०२१ चा. त्यातला सुपरहिरो शिंप्याच्या घरातला, स्वतः शिंपी! मी लगेच शेजारणीला हाक मारून बोलावलं, बघ तुझ्या धंद्यातला आहे. वीज पडून गावातल्या दोघांना शक्ती मिळते. दुसरा शिबू, चहाच्या हॉटेलात राबणारा, सगळ्या गावानं वेडा ठरवून टिंगल केलेला. एका बाईवर त्याचा वर्षानुवर्षं जीव आहे. ती नशिबानं थकून, आजारी लेक घेऊन गावात परत येते. त्या पोरीच्या ऑपरेशनला पैसे नाहीत, म्हणून हा बँक लुटतो. जग जिंकायला नाही, ऑपरेशनला! शेवटी गाव चिडून आग लावतं आणि त्यात ती जाते. मग जे होतं ते भयंकर आहे, पण 'असा कसा वागला' असं एका क्षणीही वाटत नाही. सिनेमा संपल्यावर शेजारीण म्हणाली, "काकू, त्याला गावानं आधीच एक कप चहा प्रेमानं दिला असता तर?" समीक्षकांनी चार पानं लिहून याहून जास्त काय सांगितलं असतं?

एक सिनेमा मी पोराला न दाखवता एकटीनं पाहिला, २०१८ चा 'भावेश जोशी सुपरहिरो'. मारहाण जास्त आहे त्यात. पण भांडण कशावरून, तर पाण्यावरून. मुंबईतले टँकरवाले, पळवलेलं पाणी आणि त्याच्या मागे लागलेली साधी पोरं. त्यांतल्या एकाची या नादात हत्या होते आणि मग त्याचा मित्र मुखवटा घालतो. हा मित्र काही हरिश्चंद्र नाही, पासपोर्टच्या कामाला लाच देऊन मोकळा झालेला आहे. त्यावरूनच दोघांत बिनसलेलं असतं. त्या अपराधाच्या टोचणीतून त्याचा सुपरहिरो उभा राहतो. चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी रात्री दोनला उठून पिंपं भरलेल्या आम्हा सोलापूरकर बायकांना हे कारण समजावून सांगावं लागत नाही. सिनेमा म्हणे पडला. पडणारच. तो संपल्यावर पाणी येत नाही, आणि लोकांना आलेलं बघायचं असतं.

पोराचं प्लॅस्टर निघालं त्या रविवारी आम्ही त्याला घेऊन भैय्या चौकात गेलो, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मलेला हा माणूस. १९३८ साली जपाननं चीनवर हल्ला केलेला असताना काँग्रेसनं तिकडं पाच डॉक्टर पाठवले, त्यांत हे होते. चौघे परत आले, हे आले नाहीत. तिथंच जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी फेफऱ्याच्या आजारानं गेले. मुलगा तेव्हा पुरता चार महिन्यांचाही नव्हता. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. स्वतः कोटणीस झाले आणि जयश्रीबाई त्यांची चिनी पत्नी. त्या सिनेमाच्या नावातच 'अमर' असलं तरी त्याचा नायक मरतो, आणि म्हणूनच तो सिनेमा आपल्या मनात उभा राहतो.

पोरानं सगळे फोटो बघितले. मग विचारलं, "काकू, यांना कुठली पॉवर होती?"

"ऑपरेशन करायची. एकदा तीन दिवस, तीन रात्री जवळजवळ न झोपता करत होते म्हणतात."

"मग आजारी पडले नाहीत?"

"पडले की रे."

त्यावर तो काही बोलला नाही. हात मात्र उगाच दुसऱ्या हातानं चोळत राहिला. प्लॅस्टरमधून निघालेला हात कसा बारीक, पांढुरका दिसतो, तुम्हाला ठाऊक आहे.

त्याची आईही बरोबर होती. ती फोटोतल्या त्या चिनी बाईसमोर बराच वेळ उभी होती. बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाली, "परक्या मुलखात नाही, स्वतःच्याच मुलखात होती म्हणा, पण कडेवर एवढंसं लेकरू. त्यांनी काय केलं असेल हो पुढं?" मी तिला सांगितलं की मुलगाही पुढं १९६७ साली तरुणपणीच गेला. ती चालता चालता थांबली. मग आम्ही तिघं न बोलता रिक्षात बसलो.

त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणं टीव्ही लागला. कुठलासा सुपरहिरो होता, मला आता त्यांची नावं वेगळी काढता येत नाहीत. रस्त्यावर मारामारी चालू. नायकानं कडेला उभी असलेली एक निळी मोटार एका हातानं उचलली आणि खलनायकाच्या अंगावर फेकली. मोटारीचा चेंदामेंदा. खलनायक पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पोर बारीक झालेल्या हातावर हनुवटी टेकून बघत होतं. म्हणालं, "ती गाडी कुणाची होती?"

आई दारात उभी होती, हातात गुंड्या लावायचे राहिलेले चार शर्ट. ती टीव्हीकडे न बघताच म्हणाली, "कुणाची का असेना, हप्ते राहिले असतील बघ अजून."